ओतणाऱ्याचा घोट

मदाफ्यात "शिहादे!" अशी हाक आली की कॉफी यायची. हाकेचा अर्थ तेवढाच. माणूस यावा अशी कुणाची अपेक्षा नसे. तो कॉफीबरोबर आपोआप यायचा.

एरवी आमच्या अम्मानमध्ये पहिला मुलगा झाला की बापाचं स्वतःचं नाव मागे पडतं. राकान जन्मला त्या दिवसापासून शिहादे हा अबू राकान झाला, राकानचा बाप. आणि त्याची बायको फिद्दा झाली उम्म राकान. गल्लीत, पाववाल्याकडे, मशिदीच्या पायऱ्यांवर त्याला सगळे अबू राकानच म्हणत. फक्त कुळाच्या मदाफ्यात, म्हणजे बैठकीच्या दालनात, जिथे सोयरिकी ठरतात, भांडणं मिटतात आणि मयताचे लोक बसतात, तिथे तो शिहादेच राहिला. त्याने ते कधी मनाला लावून घेतलं नाही. त्याला कॉफीची काळजी पुरेशी होती.

कॉफी मात्र तो जीव ओतून करायचा. बिया स्वतः भाजायच्या, लाकडी खलात वेलदोड्याबरोबर कुटायच्या, मंद आचेवर तासन्‌तास ठेवायच्या. डाव्या हातात दल्ला, म्हणजे लांब चोचीचं ते पितळी भांडं, उजव्या हातात फिंजान, म्हणजे बिनकानाचे छोटे कप. पहिला घोट ओतणाऱ्याने स्वतः घ्यायचा, पाहुण्याच्या देखत, म्हणजे पाहुण्याला भरवसा वाटतो. मग मानाच्या माणसापासून सुरुवात. पाहुण्याने फिंजान हलवला की पुरे, नाही हलवला की पुन्हा घोटभर. हे सगळं करताना त्याच्यासमोर काय काय बोललं जायचं! कोण कुणाला मतं देणार, कुणाची जमीन कुणाच्या घशात जाणार, कुणाच्या पोराला कुठे चिकटवायचं. ओतणाऱ्यासमोर कुणी आवाज खाली करत नाही. आणि शिहादेच्या एका कानातून गेलेलं दुसऱ्यातून बाहेर पडायचं, कारण मध्ये तो वेलदोडा जास्त झाला का याचा विचार करत असायचा.

मदाफा आधी टेकडीवर होता, भोवती कुळाची गव्हाची शेतं. मग शहर वर चढत आलं. शेतं विकली गेली, खळं विकलं गेलं, आणि मदाफा एका पाच मजली इमारतीच्या तळमजल्यावर आला. शेजारी मोबाइलचं दुकान, वर दातांचा डॉक्टर. त्यामुळे कधी कधी समेटाच्या बैठकीत वरून कुणाच्या तरी दाढेची किंकाळी ऐकू येते. खळ्याच्या जागी मुनीफ बेकचा काचेचा टॉवर उभा राहिला. मुनीफ बेक बडा कंत्राटदार. जमीन त्याला विकून देण्यात पुढाकार कुळाचे प्रमुख शेख तराद यांचा, आणि त्यानंतर शेखसाहेबांच्या मुलाला मुनीफ बेकच्या कचेरीत मोठं टेबल मिळालं, हे मी सांगायला नको.

त्याच टॉवरवर राकान वायरमन होता. त्याच टॉवरवरून तो पडला.

दोन वर्षं झाली त्याला. तेव्हा कंपनीची माणसं आली, रडवेली तोंडं करून म्हणाली, पट्टा लावला नव्हता. एवढ्या उंचीवर कमरेचा सुरक्षेचा पट्टा कठड्याला अडकवायचा असतो. पोराने अडकवला नाही, वारा होता, तोल गेला. शेख तरादनी शिहादेच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं, "अल्लाची मर्जी. पोराची चूक झाली, दुसऱ्यावर आळ घेऊ नकोस." मुनीफ बेकने तीन दिवस मयताच्या लोकांना जेवण पाठवलं. भातावर मटणाचे डोंगर. शिहादेने कुणावर आळ घेतला नाही. त्याने राकानवर घेतला.

हे कुणाला खरं वाटणार नाही, पण त्या माणसाने दोन वर्षं आपल्या मेलेल्या मुलाशी भांडण केलं. ईदेला कब्रस्तानात गेला की फातिहा म्हणायचा आणि लगेच सुरू व्हायचा, "एक पट्टा, गाढवा! एक पट्टा लावायला तुझं काय जात होतं?" घरी जेवताना मध्येच घास ठेवून द्यायचा. "लहानपणापासून असाच. बुटाची नाडी कधी बांधली त्याने?" फिद्दा गप्प बसायची. एकदाच म्हणाली होती, "माझा राकान दिव्याचं बटण बंद आहे का हे तीनदा बघून घराबाहेर पडायचा." शिहादे तिच्यावर खेकसला होता, "मग काय पट्ट्याला पाय फुटले?" त्यानंतर तिने हा विषय काढला नाही. तो काढत राहिला आणि ती ऐकत राहिली.

मग निवडणूक आली. चौकाचौकात तंबू, त्यांच्यावर दिव्यांच्या माळा, तंबूंत चिजाच्या गरम मिठाईची, कुनाफ्याची ताटं. विजेच्या प्रत्येक खांबावर कुणीतरी कोट घालून हसतोय. मुनीफ बेक आमच्या भागातून उभा राहिला. त्याचा चेहरा एवढ्या ठिकाणी लागला की दोन वर्षांची पोरंही त्याला ओळखू लागली.

एके दिवशी मदाफा रिकामा झाल्यावर शेख तराद शिहादेला म्हणाले, "बस."

शिहादे गोंधळला. त्या खोलीत तो कधी बसला नव्हता. तो उभाच राहिला.

"अरे बस, अबू राकान."

आता तर तो पुरता बावचळला. शेखसाहेबांच्या तोंडून हे नाव त्याने मयताच्या तीन दिवसांत ऐकलं होतं, त्यानंतर आजच.

"शुक्रवारी असरच्या नमाजानंतर तुझ्या घरी जाहा येतेय," शेख म्हणाले. "सायेल पाशा पुढे असतील. माजी मंत्री! शंभरेक माणसं. मुनीफ बेकच्या वतीने."

"माझ्या घरी? कशाला?"

"तुझा मान करायला. राकानच्या मयताचा विषय कायमचा मिटवायला."

"पण विषय काढलाय कुणी?"

"कुणी नाही."

"मग मिटवायचं काय?"

शेख तरादनी जपमाळ एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "शिहादे, डोकं खाऊ नकोस. पाशा सभ्य शब्दांत विनंती करतील, समोरची कॉफी पिणार नाहीत. तू म्हणायचंस, तुमची कॉफी प्या. झालं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या जाहेत कॉफी ओतलीस, एकदा स्वतःच्या जाहेत बस की!"

जाहा म्हणजे काय हे शिहादेला शिकवायची गरज नव्हती. जाहा दोन कामांना येते. एक, मुलगी मागायला. दुसरं, माफी मागायला. प्रतिष्ठित माणसं येतात, पुढाऱ्यासमोर कॉफी ठेवली जाते, तो तिला हात लावत नाही. यजमानाने "तुमची कॉफी प्या" म्हटलं की मागणं मान्य. मग सगळे पितात, मिठ्या मारतात, आणि गोष्ट तिथे संपते. पुन्हा कधी काढायची नाही. शेकडो वेळा त्याने हे पाहिलं होतं. पण माफी गुन्हा करणारा मागतो. इथे गुन्हा होता तो राकानचा, स्वतःच्या जिवाशी केलेला. त्यासाठी मुनीफ बेक का यावा?

केस कापायला गेला तर न्हावी म्हणाला, "मबरूक, अभिनंदन, अबू राकान! जाहा येतेय म्हणे. मुलगी देताय?"

"मला मुलगी आहे कुठे?"

"तेच तर मी म्हणतोय! मग कशाला येताहेत?" न्हाव्याने कात्री थांबवली, आरशातून त्याच्याकडे बघितलं. "परवा पलीकडच्या उमेदवाराच्या तंबूत तुमच्या राकानचं नाव निघालं होतं. टॉवरवरचा वेल्डर हल्ली त्यांची गाडी चालवतो ना, तो म्हणत होता, योग्य वेळ आली की व्यासपीठावरून बोलेन."

"काय बोलणार?"

"ते मला ठाऊक असतं तर मी इथे दाढ्या करत बसलो असतो?"

शिहादे अर्धे केस कापलेले विसरून उठला होता, न्हाव्याने त्याला पुन्हा खाली बसवलं. घरी आला तो डोक्याचा भुगा घेऊन. फिद्दाने सगळं ऐकलं, कोथिंबीर निवडणं थांबवलं नाही.

"निरपराध माणूस जाहा पाठवतो का हो?" तिने विचारलं.

"शेखसाहेब म्हणाले, मान करायला."

"शेखसाहेबांनी आजवर तुमचा मान कशाने केला? फिंजान विसळायला लावून?"

"तू उगाच तिरकं बोलतेस."

"मी सरळच बोलतेय. पट्टा लावला नाही म्हणून मेला, तर कुणी माफी मागायची? राकानने. तो काही येत नाही शुक्रवारी." एवढं बोलून ती आत गेली. शिहादे कोथिंबिरीसमोर बसून राहिला. त्याला तिचं म्हणणं कळत होतं, पण ते कळलं तर मागची दोन वर्षं कुठे ठेवायची हे कळत नव्हतं.

शुक्रवारी त्याच्या गच्चीवर मंडप पडला. शिहादेचं घर म्हणजे खाली दोन खोल्या आणि वर गच्ची. गच्चीवरून थेट तो टॉवर दिसतो. मुनीफ बेकच्या माणसांनी प्लास्टिकच्या खुर्च्या लावल्या, गालिचे अंथरले. शेख तरादनी कॉफी ओतायला भाड्याचा माणूसही पाठवला. लग्नाच्या हॉलमध्ये असतात तसला: कमरेला खोट्या गोळ्यांचा पट्टा, डोक्याला लाल रुमाल, पायाशी दोन मोठे थर्मास, हातात कागदी कपांची चळत.

शिहादेने एक कप चिमटीत उचलून पाहिला. "हे काय?"

"कप, हाजी. वापरा आणि फेका. धुवायची कटकट नाही."

"तू कुठल्या कुळाचा?"

"मी फय्यूमचा, हाजी. इजिप्तहून आलोय," तो हसून म्हणाला. "कपडे कंपनीचे आहेत."

"थर्मास उघडू नकोस," शिहादे म्हणाला. त्याने सकाळीच खाली स्वतःची कॉफी चढवली होती, सवयीने. तो खाली गेला, दल्ला आणि आपले फिंजान घेऊन वर आला. शेख तरादनी कपाळावर हात मारला. "अरे, आज तू यजमान आहेस! बस ना एका जागी!"

"बसतो," शिहादे म्हणाला. बसलाही. दल्ला मात्र मांडीजवळ ठेवून.

जाहा आली. गाड्यांनी गल्ली भरली, मुलं गाड्यांच्या काचांत तोंडं बघू लागली, बायका खिडक्यांत. सायेल पाशा पुढे. ऐंशीच्या घरातले, काठी टेकत जिना चढलेले, तरी पाठ ताठ. त्यांच्यामागे मुनीफ बेक, पोस्टरवरच्यापेक्षा बराच थकलेला. त्याच्या कपाळाला घाम होता. शिहादेला वाटलं, जिन्याने आला असेल.

शिहादेने उठून पाशांसमोर फिंजान ठेवला. पाशांनी तो उचलून जमिनीवर ठेवला आणि बोलायला लागले. बोलणं जुन्या पद्धतीचं, संथ आणि लांब. अल्लाची स्तुती, कुळाची थोरवी, यजमानाचं मोठं मन. "अबू राकान, आम्ही तुझ्या दारात आलोय. राकान आमचाही मुलगा होता. जे घडलं ते घडलं. मुनीफ तुझा भाऊ आहे. तू मोठ्या मनाने हे प्रकरण सोडून द्यावंस, आज, या सगळ्यांसमोर, कायमचं. तोवर मी ही कॉफी पिणार नाही."

शिहादे ऐकत होता आणि ऐकत नव्हता. 'जे घडलं ते घडलं.' काय घडलं? पाशांनी पट्ट्याचं नाव घेतलं नव्हतं. सोडून द्यावंस. धरलंय काय मी? समोर टॉवरच्या काचांवर ऊन तापलं होतं, त्याचे डोळे दिपत होते. आणि या सगळ्यात त्याला एकच गोष्ट स्वच्छ दिसत होती: पाशांच्या फिंजानातली कॉफी गार झाली होती. वर साय धरल्यासारखी झालेली. त्याच्या घरी, त्याच्या हातची कॉफी, आणि माजी मंत्र्यासमोर गार!

तो उठला. तीस वर्षांच्या सवयीच्या हातांनी जे केलं ते त्याने केलं, त्यात डोक्याचा काही संबंध नव्हता. पाशांचा फिंजान उचलला, गार कॉफी ओतून टाकली, दल्ल्यातून गरम घोट स्वतःच्या फिंजानात घेतला, पाहुण्याच्या देखत तो प्याला, आणि मग पाशांना ताजी ओतून दिली.

मग शेख तराद उडी मारल्यासारखे उठले. "प्याला! अबू राकान प्याला! अल्लाह तुला उदंड आयुष्य देवो! पाशा, प्या तुमची कॉफी!"

"प्या, प्या!" मागून आवाज उठले. कुणी टाळी वाजवली, कुणी फातिहा म्हणायला हात वर केले. मुनीफ बेकने डोळे मिटून सुस्कारा सोडला. शेजारच्याने त्याला मिठीही मारली. शिहादे दल्ला हातात धरून उभा. त्याला कळेना, हे कशाला ओरडताहेत? कोण प्याला? मग पाशांनी फिंजान ओठांकडे नेला आणि शिहादेला कळलं.

त्याने हात पुढे करून फिंजानावर पालथा तळवा ठेवला.

पाशांच्या हातून थोडी कॉफी सांडली, शिहादेच्या बोटांवर. चांगलीच गरम होती. त्याने हात काढला नाही.

"पाशा, माफ करा," तो म्हणाला. "तो घोट ओतणाऱ्याचा होता. शिहादे प्यालाय. अबू राकान अजून प्यालेला नाही."

"शिहादे!" शेख तराद ओरडले.

"बघा, त्यांनाही माहीत आहे," शिहादे म्हणाला. मागे कुणीतरी हसलं आणि लगेच खोकलं.

पाशांनी फिंजान खाली ठेवला. "बोल, बाबा. काय म्हणणं आहे तुझं?"

"म्हणणं काही नाही, पाशा. मला समजतच नाहीये." शिहादेने भाजलेली बोटं कपड्याला पुसली. "तुम्ही म्हणता, सोडून दे. काय सोडून देऊ? मला सांगितलं होतं पोराने पट्टा लावला नव्हता. मग चूक त्याची. त्याच्या चुकीची माफी मुनीफ बेक माझ्याकडे का मागतोय? आणि दुसरं काही असेल तर मला सांगा ना कुणीतरी. मी देईनही माफी. पण कशाची देतोय ते तरी कळू दे मला."

पाशा मुनीफ बेककडे वळले. "मला तू काय सांगितलं होतंस? बापाला सगळं माहीत आहे, फक्त चारचौघांत मिटवायचंय."

"पाशा, खाली जाऊन बोलू."

"मी जाहेच्या पुढे चालतो तेव्हा माझी अब्रू गहाण टाकून चालतो. ती तू अर्धवट सांगून माझ्याकडून घेतलीस?" पाशांनी काठी पुढे ओढली. "इथे बोल. नाहीतर मी उठतो, आणि का उठलो ते खालच्या दारात उभा राहून सगळ्या गल्लीला सांगतो."

मुनीफ बेक उभा राहिला. तंबूंत हा माणूस तासभर न थांबता बोलतो. आज त्याला शब्द सापडेनात. "कठड्याचं वेल्डिंग निखळलं होतं," तो म्हणाला. "राकानने सांगितलं होतं. दोनदा. उद्घाटन तोंडावर होतं, मंत्री येणार होते... म्हटलं, नंतर करू."

"आणि पट्टा?" शिहादेने विचारलं.

मुनीफ बेकने रुमाल काढून कपाळ पुसलं.

"बेक, पट्टा?"

"लावला होता. कठड्याला अडकवला होता. कठड्यासकट खाली आला तो." तो थांबला. "आम्ही नंतर काढला. कमरेचा. मीच काढायला लावला."

खालून खिडकीची झडप आपटल्याचा आवाज आला. फिद्दा इतका वेळ जिन्याच्या दारामागे उभी होती आणि आता तिथे नव्हती. शिहादेने दल्ला खाली ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. संताप यायला हवा होता. मुनीफ बेकची गचांडी धरायला हवी होती, निदान ओरडायला तरी हवं होतं. त्याच्या डोक्यात मात्र वेगळंच चाललं होतं. लावला होता. पोराने पट्टा लावला होता. ईदेच्या सकाळी, नवे कपडे घालून, त्या मातीसमोर उभं राहून मी काय काय बोललो?

शेख तराद सगळ्यांत आधी सावरले. "झालं, सत्य बाहेर आलं, मुनीफ बेकने मर्दासारखं कबूल केलं! आता, अबू राकान, तूही मोठं मन..."

"तराद, गप्प बस," पाशा म्हणाले.

शिहादेने पाशांसमोरचा फिंजान उचलला. आत पाहिलं. "पुन्हा गार झाली," तो म्हणाला. "माझ्या घरात पाहुण्याला गार कॉफी देत नाहीत, पाशा. तुम्ही माझ्या दारात आलात, तुमचा मान माझ्या डोक्यावर. मुनीफ बेकला माफी हवी असेल तर त्याने यावं. दार उघडं आहे. फक्त निवडणूक झाल्यावर यावं."

पाशांच्या ओठांवर काहीतरी हललं, हसू होतं का कोण जाणे. ते काठी टेकून उठले, शिहादेच्या कपाळाचं चुंबन घेतलं आणि कॉफी न पिता जिना उतरले. त्यांच्यामागे सगळी जाहा उतरली. न प्यालेल्या कॉफीची बातमी गाड्यांच्याही आधी गावभर पोचली. फय्यूमचा तो माणूस शेवटपर्यंत थांबला, एकेक फिंजान ओल्या फडक्याने पुसला आणि जाताना म्हणाला, "हाजी, अल्लाह त्याला जन्नत देवो." त्या दिवशी राकानसाठी हे म्हणणारा तो पहिला.

पुढचं सांगून टाकतो. मुनीफ बेक निवडून आला. थोडक्यात आला, पण आला. हे शहरच तसं झालंय. काही लोक म्हणाले, कबूल करायला छाती लागते. वेल्डरला दुसरीकडे चांगलं काम मिळालं आणि त्याचं ते व्यासपीठ राहूनच गेलं. खासदारसाहेबांना शिहादेचं घर अजून सापडलेलं नाही. शिहादेने मदाफ्यात जाणं सोडलं, तिथे आता थर्मास आहे.

पण त्या शुक्रवारची संध्याकाळ राहिली.

गच्ची रिकामी झाल्यावर शिहादे खाली आला. फिद्दा स्वयंपाकघरात भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. रडून झालं होतं. मग त्याने कोळशावर थोडी कॉफी गरम केली. एकच फिंजान घेतला. तिच्यासमोर मांडी घालून बसला, जाहेतले लोक बसतात तसा, हात गुडघ्यांवर ठेवून. फिंजान भरला, पण ओठांना लावला नाही. स्वतःसमोर जमिनीवर ठेवला.

फिद्दाने फिंजानाकडे पाहिलं. मग त्याच्याकडे.

"कुणाच्या वतीने आलात?" तिने विचारलं.

"माझ्याच."

"काय मागायचंय?"

"दोन वर्षं मी त्याला जे बोललो," शिहादे म्हणाला, "आणि तुला ऐकायला लावलं."

कॉफीची वाफ विरली. तो तसाच बसून राहिला, गार होत चाललेल्या कॉफीसमोर, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने ती बदलायला हात उचलला नाही. बाहेर उमेदवारांच्या गाड्यांचे भोंगे वाजत गेले. फिद्दाने ओढणीने नाक पुसलं.

"उद्या सकाळी त्याच्याकडे जाऊ," ती म्हणाली. "त्याला तुम्ही स्वतः सांगायचं. मोठ्याने. जसं बोलत होता तसंच मोठ्याने."

"सांगतो."

तिने फिंजान त्याच्याकडे सरकवला.

"तुमची कॉफी प्या, अबू राकान."